वेळ अमावास्येला आत कोण आलं

कोंडीबाची साखर किती आहे हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ते गुपित त्यानं फार निगुतीनं सांभाळलं होतं. बार्शीच्या धान्यबाजारात आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस. लॅबमधून रिपोर्ट मिळाला की तो खिशातल्या खिशात चुरगाळायचा आणि घरी येऊन "समदं झ्याक हाय म्हनले" असं सांगत बासुंदीची वाटी पुढं ओढायचा. एके दिवशी घरी फोन वाजला. नेमका बायकोनं उचलला. पलीकडचा माणूस लाघवी आवाजात म्हणाला, "काकू, काकांची जेवणानंतरची साखर तीनशेच्या वर गेलीय. घाबरू नका, आमचा काढा सुरू करा." त्यानंतर त्या घरात काय झालं ते सांगत बसत नाही. बासुंदी मात्र कायमची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा पहिल्या एसटीनं सोलापुरात आला आणि सात रस्त्याजवळच्या लॅबच्या काउंटरवर त्यानं दोन्ही हात आपटले.

"माजी साखर माज्या बायकूला ठावं न्हाय, आन् त्या काढेवाल्याला कशी ठावं? तुमीच इकली व्हय?"

रांगेतल्या माणसांनी कान टवकारले. कोंडीबा काही एकटा नव्हता. होटगीच्या एका रेल्वे कामगाराला असाच फोन आला होता, करकंबच्या एका शाळेतल्या बाईंना आला होता. सगळे साखरेचे पेशंट, सगळे याच लॅबचे, आणि काढेवाल्याला प्रत्येकाचा आकडा तोंडपाठ. गावात कुजबुज सुरू व्हायला आणखी काय लागतं? लॅबवाल्यांनी पेशंट विकले, असं लोक चहाच्या टपरीवर उघड बोलू लागले होते.

आतल्या खोलीत बसलेल्या श्रीदेवीनं कोंडीबाचा आवाज ऐकला आणि ती हातातलं काम टाकून उठली. लॅबच्या सगळ्या कॉम्प्युटरांची राखण तिच्याकडं होती.

ही राखण म्हणजे काय ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. लॅब डॉ. सुकन्या बिराजदार यांची. रक्त काढायचं बार्शी, होटगी, करकंब इथल्या केंद्रांवर, तपासायचं सोलापुरात आणि रिपोर्ट छापायचा पुन्हा त्या त्या केंद्रावर. तिकडच्या मशीनला काही झालं तरी श्रीदेवीला एसटी धरावी लागत नसे. सोलापुरात बसल्या जागेवरून ती नेटवाटे त्या मशीनमध्ये शिरायची, बार्शीचा रुसलेला प्रिंटर चालू करायची, करकंबचा अडकलेला रिपोर्ट सोडवायची. तिकडच्या माणसाला पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना दिसायचा. होटगीच्या केंद्रावरच्या शरणम्मानं पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ती खुर्ची सोडून थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. तेव्हापासून श्रीदेवीनं नेम केला. आधी फोन करायचा, "मी आत येते हं" म्हणायचं आणि मगच शिरायचं. दुसऱ्याच्या घरात जाताना कडी वाजवतो की नाही आपण, तसंच.

बाहेरून आत यायला एकच दार होतं. मधल्या वाटेवर कुणी डोकावू नये म्हणून सगळी ये-जा एका बंद बोगद्यातून, आणि बोगद्याच्या तोंडाशी दोन कुलपं. पहिलं पासवर्डचं. तो बरोबर पडला की फोनवर एक कोड यायचा, ते दुसरं. कोड घातल्याशिवाय ब्रह्मदेवालाही आत येता येणार नाही, असं श्रीदेवी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगत असे. तो कोड दोनच फोनांवर यायचा. एक तिचा, दुसरा इंद्रजीतचा.

इंद्रजीत तिच्या हाताखाली होता. मूळचा करकंबच्या केंद्रावर रिपोर्ट छापणारा. मशीन बिघडलं की बाकीचे "चालू करून द्या" एवढंच म्हणायचे, हा मात्र "मॅडम, तुमी आत्ता काय केलं?" असं विचारायचा. तिनंच डॉक्टरांकडं शब्द टाकून त्याला सोलापुरात आणला आणि हाताला धरून शिकवलं. खरं तर दोघांची खाती वेगवेगळी हवीत. नियम तसाच आहे आणि तो श्रीदेवीला पाठ होता. पण मशीन बसवणाऱ्या कंपनीनं एकच खातं काढून दिलं होतं, आणि आपण दोघंच तर आहोत, घरातल्या घरात कसली वाटणी, असं म्हणून तिनं ते तसंच ठेवलं. आपल्याकडं माणूस एकदा आपला वाटला की त्याच्याशी नियमानं वागणं म्हणजे त्याचा अपमान. पासवर्डसुद्धा कंपनीनं दिलेलाच चालू होता.

कोंडीबाला कसंबसं चहा पाजून वाटेला लावल्यावर श्रीदेवीनं दार लावून घेतलं आणि आत-बाहेर केल्याच्या नोंदी उघडल्या. कोण कधी आलं ते बोगद्याचं दार स्वतःच टिपून ठेवतं. फार शोधावं लागलं नाही. वेळ अमावास्येच्या दुपारी कुणीतरी पासवर्ड घालून, कोड घालून, रीतसर आत आलं होतं आणि साखरेच्या सगळ्या पेशंटांची माहिती उचलून गेलं होतं.

वेळ अमावास्येच्या दुपारी! सोलापुरात, आणि त्यातही अक्कलकोटच्या बाजूला, त्या दिवशी ऑफिसात कोण असतं? अख्खं गाव रानात, उभ्या पिकाची पूजा करायला. श्रीदेवी स्वतः होटगीच्या पुढं सासरच्या शेतात होती. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, तीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव, पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि शेताला फेरी मारून आंबील शिंपडायला सगळा गोतावळा. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही, असा रिवाज. ऑफिसात एकटा इंद्रजीत होता. त्याच्याकडं पंढरपूरच्या बाजूला या सणाचं एवढं नाही. तो आपणहून म्हणाला होता, "तुमी जावा की मॅडम. हितं मी हाय."

तेव्हा ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य तिला वेगळंच ऐकू येऊ लागलं. एकटं राहायची एवढी हौस का होती याला?

हिशेब सरळ होता. कोडाशिवाय आत येता येत नाही. कोड दोघांनाच येतो. मी कुणाला दिला नाही. मग उरला कोण?

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की त्याला खायला काहीही चालतं. इंद्रजीत अलीकडं जिन्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायचा. ती त्याच्या मागून गेली की पडद्यावरची खिडकी झटकन मिटायची. त्याचा मावसभाऊ करकंबला आयुर्वेदिक औषधांचं दुकान चालवतो, हे तिला वर्षभर ठाऊक होतं आणि त्या वर्षभरात त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या तिला काढ्याच्या दिसू लागल्या. तो पूर्वीसारखा तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, हेही तिच्या लक्षात आलं. खाई त्याला खवखवे, ती मनाशी म्हणाली. स्वतःचा फोन एकदा चाळून बघावा असं मात्र तिच्या मनात आलं नाही. बॅटरी धरणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडत नाही, तो समोरच्याच्याच डोळ्यांत जातो.

खरं तर चोरी कळल्या क्षणी पासवर्ड बदलायला हवा होता. नवशिक्याला विचारलं तरी तो हेच सांगेल. श्रीदेवीनं मुद्दाम बदलला नाही. बदलला तर इंद्रजीत सावध होईल. तो पुन्हा आत यावा आणि रंगेहाथ सापडावा, असा तिचा बेत होता.

आणि मग तिनं तिचा नेम मोडला. शुक्रवारी दुपारी इंद्रजीत बाहेरच्या खोलीत त्याच्या मशीनवर बसलेला असताना ती आतल्या खोलीतून, काही न सांगता, गुपचूप त्याच्या पडद्यावर गेली. कडी वाजवली नाही. आपण हे बरं करत नाही हे कळत होतं, पण हात थांबत नव्हते. त्याच्या पडद्यावर काय उघडलेलं असावं? त्याच त्या वेळ अमावास्येच्या नोंदी! तो एकेक ओळ वर-खाली सरकवत बघत होता. तिचा हात चुकून माऊसला लागला, त्याच्या पडद्यावरचा बाण जरासा हलला, आणि त्यानं घाईघाईनं सगळं बंद केलं.

चोर आपली पावलं पुसतोय. दुसरा अर्थ काय निघणार होता? श्रीदेवी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टर सुकन्या तापट नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांना तीन डॉक्टरांनी पेशंट पाठवणं थांबवत असल्याचं कळवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी खात्री आहे, श्रीदेवी? पोराचं आयुष्य आहे."

"कोड दोघांनाच येतो, मॅडम. मी दिलेला नाही."

शनिवारी सकाळी इंद्रजीतला आत बोलावलं. तो दारापाशीच उभा राहिला. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही.

"वेळ अमावास्येला आपल्या सिस्टिममध्ये जे कोणी आलं, त्याला कोड तू दिलास का?"

"न्हाय, मॅडम."

"मग कुणी दिला?"

इंद्रजीतनं एकवार श्रीदेवीकडं बघितलं. ती समोर टक लावून बसली होती. मग तो खाली मान घालून म्हणाला, "ते मला न्हाय सांगता येनार."

"नाही सांगता येणार म्हणजे?"

"न्हाय सांगता येनार."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. खोटं बोलणारा माणूस निदान चिडतो, शपथा घेतो. हा नुसता उभा. श्रीदेवीला तो निगरगट्टपणा वाटला आणि तिला संताप आला. याला मी शिकवलं, याच्यासाठी मी शब्द टाकला, आणि कुंपणानंच शेत खाल्लं! डॉक्टरांनी त्याला कामावरून कमी केल्याचं सांगितलं, आणि सोमवारी पोलिसांत तक्रार जाईल, तीत तुझं नाव असेल, हेही सांगितलं. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जाताना श्रीदेवीच्या टेबलापाशी थांबून तो एवढंच म्हणाला, "बार्शीचा प्रिंटर परत अडकायलाय, मॅडम. बगा."

तो जिना उतरला तशी तिनं कोड येणाऱ्या फोनांमधून त्याचा नंबर काढून टाकला. आता कोड फक्त तिला येणार होता. पासवर्ड सोमवारी निवांत बदलू, असं तिनं ठरवलं. चोर तर घराबाहेर काढला होता.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात शेंगाचटणी कुटत होती. सोप्यात तिची सासू अक्कम्मा बसल्या होत्या, बाजूला श्रीदेवीचा फोन चार्जिंगला लावलेला. अक्कम्मांना फोनचं वावडं नव्हतं. सुनेचे हात कामात असले की फोन त्याच उचलायच्या, आणि समोरचा कुणीही असो, सुरुवात कन्नडमध्येच. फोन वाजला.

"यारु?" कोण म्हणून अक्कम्मांनी विचारलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. कन्नडमध्ये ख्यालीखुशाली झाली. तू जेवलास का, आई कशी आहे, पाऊसपाणी काय म्हणतं. श्रीदेवीला वाटलं, अक्कलकोटचा कुणी नातेवाईक असेल. मग अक्कम्मा म्हणाल्या, थांब हं, चष्मा लावते. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्या वाचू लागल्या.

"ऐदु... एरडु... एळु..."

श्रीदेवीच्या हातातला बत्ता थांबला. पाच, दोन, सात. ती धावत सोप्यात आली. फोनच्या पडद्यावर लॅबचा मेसेज उघडा होता. बोगद्याचा कोड. निम्मे आकडे वाचून झाले होते.

तिनं फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "कोण बोलतंय?" ती ओरडली. पलीकडून फोन ठेवला गेला.

"अगं, असं काय करतीस? पोराला वाईट वाटलं असंल की," अक्कम्मा म्हणाल्या.

"कोण होतं ते, अत्ती?"

"तुज्या हापिसातलाच. नम्म हुडुगा, आपलंच पोरगं. लई गुणी हाय बग, कन्नड बोलतंय आपल्यासारखं. म्हणाला, वैनी कामात असतील, वरती नंबर आलाय तेवढा सांगा, न्हायतर पेशंटचा रिपोर्ट अडकतोय."

"आधी कधी केला होता त्यानं फोन?"

"रानात केलता की. वेळ अमावास्येला. तू आंबील घिऊन फेरीला गेलतीस, फोन माज्याजवळ टोपलीत. म्या त्याला म्हनलं, नंबर सांगते, पर जेवायला ये बाबा शेतात. सणाचं कुणाला उपाशी ठेवत न्हाईत."

अक्कम्मा हे इतक्या कौतुकानं सांगत होत्या की श्रीदेवीला रागवताही येईना. त्या दिवशी शेत कुठं, वाट कुठली, असं विचारणारे पाहुण्यांचे ढीगभर फोन आले होते आणि ते सगळे अक्कम्मांनीच घेतले होते. श्रीदेवीचा नंबर प्रत्येक केंद्रावर मशीनला चिकटवलेला होता, अडचण आल्यास फोन करा म्हणून. पासवर्ड मशीन बसवल्यापासूनचा. कंपनीतून निघून गेलेल्या कुठल्याही माणसाला तो ठाऊक असणार. आणि दुसरं कुलूप, ज्याच्या बळावर ती छातीठोकपणे बोलत होती, ते तिच्या सासूनं बांधावरच्या पाहुण्याला भज्जी वाढावी तितक्या मायेनं उघडून दिलं होतं.

मी कुणाला कोड दिला नाही. हे वाक्य तिनं डॉक्टरांपुढं किती ठामपणे म्हटलं होतं! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. चटणी तशीच टाकून तिनं लॅपटॉप उघडला, बोगद्याचं दार बंद केलं, पासवर्ड बदलला. मग डॉक्टरांना फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. सासूचं नावही घेतलं आणि स्वतःचंही. आधी तिच्या मनात येऊन गेलं होतं की घरातली गोष्ट घरात ठेवावी, नाहीतरी तो गेलेलाच आहे. तो विचार आला याचीही तिला लाज वाटली.

"त्या काढेवाल्याचा नंबर पोलिसांना देऊ," डॉक्टर म्हणाल्या. "तुझं काय करायचं ते मी नंतर ठरवीन. आधी त्या पोराकडं जा. फोन करू नकोस, स्वतः जा."

रविवारी सकाळी तिनं करकंबची एसटी धरली. वाटभर ती काय बोलायचं ते जुळवत होती आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं. त्यानं शिव्या दिल्या तर बरं होईल, असंही वाटून गेलं.

घर विचारत विचारत ती पोचली तेव्हा अंगणात इंद्रजीतची आई वाल सोलत बसली होती. श्रीदेवीला बघताच ती वालाचं सूप बाजूला सारून लगबगीनं उठली.

"तुमी मॅडम न्हव का? या की, या! फोटूत बगितलंय तुमाला. ह्यो लई नाव काढतुया तुमचं." तिनं बाजेवर धुतलेली चादर अंथरली. "मी बजाबाई, त्याची आई. चार दिस सुट्टी दिली म्हनं तुमी त्याला. बेस केलं बगा. लई दिसांनी घरला ऱ्हायलंय पोरगं. आत्ता यील, वाण्याकडं धाडलंय."

त्यानं आईला सुट्टी सांगितली होती. बजाबाई चुलीकडं गेली, चहा ठेवला, आतूनच बोलत राहिली. मशीनवर बसून दूरच्या गावची मशीन दुरुस्त करतो म्हणतात, खरं का हो? गावात कुणाला पटत नाही. मी म्हणते, त्याच्या मॅडमनी शिकवलंय, त्यांना विचारा.

इंद्रजीत पिशवी घेऊन दारात आला आणि श्रीदेवीला बघून तिथंच थबकला. बजाबाईनं कपबशी श्रीदेवीच्या हातात दिली.

"इंद्रजीत," श्रीदेवी म्हणाली, "कोड माझ्या फोनवरून गेला. माझ्या सासूबाईंनी सांगितला. त्यांना फसवलं कुणीतरी."

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग त्यानं मोठा श्वास सोडला. "सासूबाईंनी व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं तुमीच."

"मीच?"

"कोड दोघांनाच येतोय न्हवं. मी तर दिला न्हवता. मग उरलं कोन?" तिचाच हिशेब, तिच्याच शब्दांत. "नोंदी बगितल्या, काय घावतंय का म्हनून. जिन्यात जाऊन कंपनीच्या मानसांना फोन लावले. काय कळंना. परवा तुमी न सांगता माज्या पडद्यावर आला, बान हलला, तवा पटलंच की तुमी कायतरी झाकायलाय."

"मग डॉक्टरांसमोर बोलला का नाहीस? मी तिथंच बसले होते."

"काय बोलू? म्हनलं, तुमाला कायतरी मोठी अडचन असंल, त्याबिगर तुमच्या हातनं असं व्हनार न्हाय. आन् तुमचं नाव घ्यायला माजी जीभच रेटंना."

श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. तो तिला चोर समजत होता, आणि तरीही पोलिसांत आपलं नाव जाऊ द्यायला तयार झाला होता. तिनं काय केलं होतं ते तिला सांगायची गरज नव्हती.

बजाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "कसला कोड? काय बोलताय तुमी?"

"आये, तू आत जा," इंद्रजीत म्हणाला.

"नको. त्यांना ऐकू दे." श्रीदेवी बाजेवरून उठून उभी राहिली. "मावशी, ती सुट्टी नव्हती. मी त्याला चोर ठरवून कामावरून काढायला लावलं. पोलिसांत नाव देणार होतो. त्यानं काही केलं नव्हतं. चूक माझी होती, सगळी माझी. उद्यापासून त्यानं कामावर यावं म्हणून विचारायला आलेय. डॉक्टरांनीच पाठवलंय."

बजाबाई सावकाश खाली बसली. तिनं वालाची एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला.

"यील की. कामाला का न्हाय यायचा? पर बाई, तुमी याला लेकरागत शिकवलं म्हनत हुता ह्यो." तिनं वर बघितलं. "येकडाव तुमी सोता इचारायचं हुतं त्याला."